भांग (वनस्पती)

भांग (शास्त्रीय नाव: कॅनाबिस सटायव्हा) ही कॅनाबेसी कुलातील एक वर्षायू वनस्पती आहे. तिच्या पानांपासून भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्यापासून गांजा आणि राळेपासून चरस हे तीन मादक पदार्थ मिळतात. तिच्या खोडाच्या सालीपासून बळकट धागा आणि बियांपासून तेल निघते. एकाच झाडाची ही तीन मादक रूपे शरीरावर वेगवेगळ्या तीव्रतेने आणि वेगवेगळ्या गतीने परिणाम करतात. भारतीय कायदाही त्यांना एकसारखे मानत नाही. या वनस्पतीविषयीचे बरेचसे गैरसमज तिची रूपे एकमेकांत मिसळल्यामुळे निर्माण झालेले आहेत. प्रस्तुत लेखात वनस्पतीची सामान्य माहिती, तिचे मानवी शरीरावरील परिणाम आणि दक्षिण कोकण, विशेषतः सिंधुदुर्ग जिल्हा व लगतचा गोवा, यांच्याशी असलेला तिचा संबंध दिला आहे.

नावे

संस्कृतात या वनस्पतीला भंगा, विजया अशी नावे आहेत. अथर्ववेदात 'भंग' हा शब्द येतो. मात्र तेथे हीच वनस्पती अभिप्रेत आहे किंवा नाही याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मराठीत वनस्पती आणि तिच्या पानांचे पेय या दोहोंनाही भांग म्हणतात व हा शब्द स्त्रीलिंगी आहे. केसांत पाडला जाणारा भांग पुल्लिंगी असून त्याचा या शब्दाशी अर्थाने काही संबंध नाही. भांग पिणाऱ्यास भंगड, तर गांजा ओढणाऱ्यास गांजेकस म्हणतात. वाईट कुळात निपजलेल्या सज्जनास 'भांगेत तुळस' आणि चांगल्या कुळात निपजलेल्या दुर्जनास 'तुळशीत भांग' म्हणण्याचा प्रघात आहे. अंगणातील वृंदावनात जिला मान आहे अशा तुळशीच्या अगदी विरुद्ध टोकाला मराठी भाषेने भांगेला बसवले, यावरून समाजाची तिच्याकडे पाहण्याची दृष्टी कळते.

नावांचा खरा घोटाळा धाग्याच्या बाबतीत होतो. ताग (क्रोटॅलेरिया जुन्सिया) ही शिंबावंत कुलातील, तर अंबाडी (हिबिस्कस कॅनाबिनस) ही भेंडीच्या कुलातील वनस्पती आहे. दोन्हींपासून दोरखंडाचा धागा मिळतो आणि दोन्हींत मादक द्रव्य मुळीच नसते. अंबाडीच्या पानांचा आकार भांगेच्या पानांसारखा हस्ताकृती असल्यामुळे तिच्या जातीला 'कॅनाबिनस', म्हणजे भांगेसारखी, असे नाव पडले. तिच्या पानांची भाजी महाराष्ट्रात घरोघर खाल्ली जाते. इंग्रजीत मात्र या तिन्ही वनस्पतींना 'हेंप' हा एकच शब्द वापरला गेला. रत्नागिरी जिल्ह्याच्या जुन्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये 'हेंप' म्हणून नोंदलेले पीक हे ताग आहे. नायलॉनचा धागा येण्यापूर्वी मालवण, देवगड, वेंगुर्ले किनाऱ्यावरील मच्छीमारांची जाळी आणि दोर ताग व सुताचे असत. त्या नोंदींवरून या किनाऱ्यावर पूर्वी गांजाची शेती होती असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

वर्णन

भांगेचे झुडूप साधारणतः १ ते ५ मीटर उंच वाढते. खोड सरळ, कंगोरेदार आणि बारीक लव असलेले असते. पाने हस्ताकृती, बहुधा ५ ते ७ दलांत विभागलेली असून दलांच्या कडा करवतीसारख्या दंतुर असतात. नर व मादी फुले सामान्यतः वेगवेगळ्या झाडांवर येतात आणि परागण वाऱ्यामार्फत होते. दिवस लहान होऊ लागले की झाड फुलोऱ्यावर येते. मादी फुलोऱ्यावर आणि त्यालगतच्या लहान पानांवर सूक्ष्म ग्रंथियुक्त केस असतात व त्यांतून चिकट राळ स्रवते. झाडातील मादक द्रव्य मुख्यतः या राळेत असते. मोठ्या पानांत ते थोडे असते. बिया, खोड व मुळे यांत ते जवळजवळ नसते.

गांजाच्या शेतीत नर झाडे वेळीच ओळखून उपटून टाकतात. परागण न झालेली मादी फुले बी धरत नाहीत व अधिक काळ राळ स्रवत राहतात. चरस म्हणजे वेगळी काढलेली राळ होय. हिमालयाच्या पायथ्याशी जिवंत झाडाचे फुलोरे तळहातांमध्ये चोळून ती गोळा करतात. भांग, गांजा आणि चरस हा क्रम वाढत्या मादकतेचा आहे. मात्र संकरित वाणांच्या आधुनिक गांजात मादक द्रव्याचे प्रमाण जुन्या काळच्या चरसाइतके किंवा त्याहून जास्तही आढळते.

कार्ल लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीला कॅनाबिस सटायव्हा हे नाव दिले. १७८५ मध्ये लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका ही स्वतंत्र जाती वर्णिली. ह्या दोन जाती आहेत की एकाच जातीचे प्रकार आहेत, हा वाद अद्याप मिटलेला नाही. बाजारात 'इंडिका' शांत करते आणि 'सटायव्हा' तरतरी आणते असे सांगितले जाते, त्याला वनस्पतिशास्त्रीय आधार नाही.

दक्षिण कोकण व गोवा

मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकात गांजाची लागवड मुख्यत्वे देशावर, म्हणजे अहमदनगर, सातारा, खानदेश या भागांत होत असे. कोकणपट्टी लागवडीच्या या प्रदेशात मोडत नव्हती. सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, जांभ्याची निकस जमीन आणि फुलोऱ्याला बुरशी आणणारी दमट हवा ही परिस्थिती या पिकाला मानवणारी नाही. भांगेचे पेयही कोकणात कधी फारसे रुजले नाही. उत्तर भारतात होळीशी भांगेचे जे नाते आहे, ते कोकणातील शिमगोत्सवात दिसत नाही. येथील पारंपरिक मादक पेये माडाची माडी आणि काजूची दारू ही होत.

असे असले तरी, या वनस्पतीच्या शरीरावरील परिणामांचे युरोपीय भाषेतील सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक वर्णन सिंधुदुर्गाला लागून असलेल्या गोव्यात लिहिले गेले. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि १५६८ मध्ये तेथेच मरण पावला. भारतातील औषधी वनस्पतींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यातील एक संवाद 'बांगे', म्हणजे भांगेवर आहे. भांगेचे बी पोर्तुगालमधील धाग्याच्या भांगेच्या बीपेक्षा लहान असते व तितके पांढरे नसते, म्हणून ती निराळी वनस्पती होय, असे ओर्ता सांगतो. पानांच्या चूर्णात हिरवी सुपारी, जायफळ, जायपत्री, कापूर यांसारखी द्रव्ये मिसळत असल्याचेही तो नोंदवतो. श्रम जाणवू नयेत, काळजी विसरावी, झोप लागावी यासाठी लोक ती घेतात. घेणारे विनाकारण हसतात, असे त्याचे निरीक्षण आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने मार्तिम अफोन्सो द सोझा या पोर्तुगीज सेनानीला सांगितलेली गोष्टही त्याने दिली आहे: रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान किंवा इराण फिरून यावेसे वाटले की सुलतान थोडी भांग खाई. काळ व अवकाश यांच्या जाणिवेत होणारा बदल हा या द्रव्याचा सर्वांत ठळक मानसिक परिणाम आहे, आणि तो या गोष्टीत नेमका आला आहे. ओर्ताला मृत्यूनंतरही शांती लाभली नाही. गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्याच्या धर्मन्यायालयाने १५८० मध्ये त्याचे अवशेष उकरून जाळले.

शरीरातील क्रिया

भांगेत शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड संयुगे आढळतात. त्यांपैकी टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी) हे प्रमुख मादक द्रव्य आहे. इस्रायलमधील येहिएल गाओनी व राफाएल मेशुलम यांनी १९६४ मध्ये ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. कॅनाबिडिऑल (सीबीडी) हे दुसरे महत्त्वाचे संयुग मादक नाही. ताज्या हिरव्या पानात टीएचसी आम्लरूपात असते व त्या रूपात त्याने नशा येत नाही. उष्णतेने त्याचे सक्रिय रूपांतर होते. ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. भांग दुधात किंवा तुपात सिद्ध करण्याच्या जुन्या रीतीमागील रसायनशास्त्र हेच आहे.

टीएचसी शरीरात नेमके कोठे काम करते, हे मात्र बराच काळ ठाऊक नव्हते. १९८८ मध्ये मेंदूतील पेशींवर त्याला जोडून घेणारे ग्राही सापडले. असे ग्राही आहेत तर त्यांना जुळणारे द्रव्य शरीर स्वतःच तयार करत असले पाहिजे, या तर्काने शोध सुरू झाला आणि १९९२ मध्ये मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत ते द्रव्य मिळाले. संस्कृतातील 'आनंद' या शब्दावरून त्याला 'आनंदामाइड' असे नाव देण्यात आले. भूक, वेदना, स्मृती, भीती व झोप यांचे नियमन करणाऱ्या या यंत्रणेत शरीराची स्वतःची द्रव्ये गरजेपुरती तयार होतात व लगेच विघटित होतात. बाहेरून आलेले टीएचसी मात्र सर्व ठिकाणी एकदम आणि दीर्घ काळ काम करते. नशा म्हणून जे जाणवते, ते या यंत्रणेच्या विस्कळीतपणाचे रूप आहे.

हे ग्राही स्मृतीशी निगडित अश्वमीन, तोल सांभाळणारे अनुमस्तिष्क आणि प्रमस्तिष्काचे बाह्यक येथे विपुल आहेत. श्वसन चालवणाऱ्या मस्तिष्कस्तंभात ते अत्यल्प आहेत. अफू किंवा हेरॉइनच्या अतिमात्रेने श्वास बंद पडून मृत्यू येतो, तसा तो केवळ गांजाने सहसा येत नाही, याचे कारण हेच. यावरून गांजा निरुपद्रवी आहे असा अर्थ काढला जातो, तो मात्र बरोबर नाही.

तात्कालिक परिणाम

गांजा किंवा चरस ओढल्यास टीएचसी फुप्फुसांतून थेट रक्तात जाते. परिणाम काही मिनिटांत सुरू होतो, सुमारे अर्ध्या तासात कळस गाठतो आणि बहुधा २ ते ४ तासांत ओसरतो. भांग प्यायल्यास किंवा खाल्ल्यास ते आतड्यांतून यकृतात जाते व तेथे त्याचे आणखी एका प्रभावी मादक संयुगात रूपांतर होते. परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात आणि तो ६ ते ८ तास किंवा त्याहून जास्त टिकतो. भांगेची अतिमात्रा होण्याचे नेहमीचे कारण या विलंबात आहे. पहिल्या पेल्याने तासभर काही होत नाही असे पाहून दुसरा पेला घेतला जातो आणि मग दोन्हींचा परिणाम एकत्र येतो. लहान मुलांनी भांग घातलेली मिठाई नकळत खाल्ल्यास गुंगी, तोल जाणे व क्वचित बेशुद्धी येते. अशा मुलाला झोपवून न ठेवता तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.

नाडीचे ठोके मिनिटाला २० ते ५० ने वाढतात, डोळे लाल होतात, तोंडाला कोरड पडते, भूक वाढते. एकदम उभे राहिल्यास रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. हृदयविकार असणाऱ्यांस हा ताण धोक्याचा असतो. बोस्टन येथे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे पाचपट झाल्याचे आढळले होते. मानसिक परिणाम व्यक्ती, मात्रा आणि प्रसंग यांनुसार बदलतात. काहींना हलकेपणा व हसू, तर काहींना तीव्र भीती, छातीत धडधड आणि आपल्यावर कोणी पाळत ठेवत असल्याचा संशय येतो. वेळ लांबल्यासारखा वाटतो. नुकतेच बोललेले वाक्य विसरल्यामुळे संभाषण मध्येच तुटते.

प्रतिक्रियेचा वेग, अंतराचा अंदाज आणि शरीराचा तोल या तिन्ही गोष्टी मंदावतात व नशा उतरल्यासारखी वाटल्यावरही काही तास पूर्ववत होत नाहीत. वाहन चालवण्याच्या दृष्टीने याचा अभ्यास बराच झाला आहे. समुद्रावर काम करणाऱ्यांच्या बाबतीत तो तितकाच लागू आहे. मालवण व तारकर्ली परिसरात मासेमारीच्या जोडीला पर्यटकांच्या नौका आणि पाण्याखालील डुबकीचा व्यवसाय वाढला आहे. डुबकी मारणाऱ्यास खोली, टाकीतील उरलेली हवा आणि वर येण्याचा वेग यांचे भान सतत ठेवावे लागते. काळाचे भान बिघडवणारे आणि नाडी वाढवणारे कोणतेही द्रव्य तेथे प्राणघातक ठरू शकते. दारूसोबत गांजा घेतल्यास दोन्हींचे परिणाम वाढतात. किनाऱ्यावरील सहलींत ही जोडी विशेष जोखमीची आहे.

दीर्घकालीन परिणाम

गांजाची सवय लागत नाही हा समज चुकीचा आहे. आयुष्यात कधी तरी गांजा घेतलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के लोक अवलंबी बनतात, आणि किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण साधारण सहांत एक इतके होते, असा अंदाज आहे. रोज घेणाऱ्याने एकदम थांबवल्यास चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश, भूक मंदावणे, विचित्र स्वप्ने असा त्रास होतो. पहिल्या आठवड्यात तो सर्वाधिक असतो व दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. दारू सोडताना येतात तसे जिवावरचे झटके यात सहसा येत नाहीत, परंतु हा त्रास टाळण्यासाठीच पुष्कळ जण पुन्हा चिलमीकडे वळतात.

नियमित धूम्रपानाने जुनाट खोकला व श्वासनलिकादाह होतो. भारतात गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढला जात असल्यामुळे तंबाखूचे सर्व दुष्परिणाम त्यात मिळतात आणि निकोटीनची सवयही जडते. वर्षानुवर्षे घेणाऱ्या काहींना पुन्हा पुन्हा अनावर उलट्या होतात. हा विकार २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रथम स्पष्टपणे वर्णिला गेला. गरम पाण्याने अंघोळ केल्यावर तात्पुरता आराम पडणे ही त्याची चमत्कारिक खूण आहे. गांजाने मळमळ थांबते हे ऐकून असलेला रुग्ण उलट्यांवर उपाय म्हणून आणखी गांजा ओढतो. खरा उपाय तो पूर्ण सोडणे हाच आहे. गरोदरपणी सेवन केल्यास बाळाचे जन्मवजन कमी भरण्याचा धोका वाढतो. टीएचसी मेदात साठून राहत असल्यामुळे नियमित घेणाऱ्याच्या लघवीत ते अनेक आठवड्यांनंतरही सापडू शकते.

मनोविकार आणि १८९३ चा आयोग

गांजाने वेड लागते का, हा प्रश्न भारतात सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारी पातळीवर तपासला गेला आणि त्या तपासाची पद्धत आजही वाचण्यासारखी आहे. ब्रिटिश संसदेत मार्च १८९३ मध्ये विचारल्या गेलेल्या प्रश्नानंतर भारत सरकारने डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. सात सदस्यांपैकी तीन भारतीय होते. आयोगाने १,१९३ साक्षीदार तपासले आणि १८९४ मध्ये अहवाल दिला.

त्या वेळी गांजाविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांची आकडेवारी होती. मालवण, देवगड व वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात, तर सावंतवाडी स्वतंत्र संस्थानात होती. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ पासून सुरू होते. रुग्णाला दाखल करताना त्याच्या आजाराचे कारण लिहावे लागे. हे कारण बहुधा डॉक्टर नव्हे तर त्याला आणणारे पोलीस व दंडाधिकारी भरत. रस्त्यावर सापडलेल्या अनोळखी माणसाजवळ चिलीम दिसली, किंवा तो गोसावी-बैराग्याच्या वेषात असला, की रकान्यात 'गांजा' लिहिले जाई. वर्षअखेर हेच आकडे अधिकृत म्हणून छापले जात. आयोगाने ब्रिटिश भारतातील इस्पितळांत १८९२ मध्ये दाखल झालेल्या रुग्णांची प्रकरणे एकेक करून तपासली. एकूण १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांचे कारण गांजा-भांग असे नोंदले होते. चौकशीअंती ती संख्या ९८ वर आली व त्यांपैकी केवळ ६१ प्रकरणांत दुसरे संभाव्य कारण आढळले नाही. मर्यादित सेवनाने सहसा हानी होत नाही, अतिसेवनाने ती होते आणि मनाने दुबळ्या व्यक्तीत वेड उद्भवू शकते, असा निष्कर्ष काढून आयोगाने पूर्ण बंदीऐवजी कर व नियंत्रणाची शिफारस केली.

गांजाचे समर्थक या अहवालाचा पहिला अर्धाच भाग सांगतात. शिवाय आयोगापुढील गांजा आणि आजचा गांजा यांच्या तीव्रतेत मोठा फरक आहे. स्वीडनमधील ४५,००० हून अधिक लष्करभरतीच्या तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेणारा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १८ व्या वर्षापर्यंत पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत छिन्नमनस्कतेचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट आढळले; इतर घटक विचारात घेतल्यावर हा फरक कमी झाला, पण नाहीसा झाला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः युरोपातील केंद्रांच्या अभ्यासात रोज घेणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका सुमारे तिप्पट, तर रोज तीव्र गांजा घेणाऱ्यांत जवळजवळ पाचपट दिसला. बहुसंख्य सेवन करणाऱ्यांना असा आजार होत नाही. परंतु ज्यांच्या रक्ताच्या नात्यात छिन्नमनस्कता आहे आणि जे विशीच्या आत सुरुवात करतात, त्यांचा धोका निश्चित वाढतो.

कानात आवाज ऐकू येणे, अकारण संशय, एकांतात राहणे, रात्रभर जागणे अशी लक्षणे दिसल्यास ती 'बाहेरची बाधा' किंवा नुसती व्यसनाची मस्ती समजून महिने घालवले जातात. या आजारात उपचार जितके लवकर सुरू होतील तितका सुधारणेचा संभव अधिक असतो. गांजाच्या नशेतून आलेला भ्रम बहुधा काही दिवसांत निवळतो. तो टिकून राहिला तर मूळ आजार वेगळा असण्याची शक्यता असते, आणि हा भेद मानसोपचारतज्ज्ञच करू शकतात.

औषधी उपयोग

आयुर्वेदात भांग 'विजया' या नावाने येते. शार्ङ्गधरसंहिता व भावप्रकाश यांत तिचे गुणधर्म दिले आहेत, आणि अतिसार व ग्रहणीवरील जातीफलादि चूर्णात ती घातली जाते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई(१) अनुसूचीत तिचा समावेश विषारी द्रव्यांत असल्यामुळे अशी औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. पाश्चात्त्य वैद्यकात तिचा प्रवेश कोलकात्यातून झाला. तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील डब्ल्यू. बी. ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये धनुर्वात व आचक्यांवरील आपले प्रयोग मांडले. त्यांच्या रुग्णांत आचक्या येणारे एक तान्हे मूलही होते. जून २०१८ मध्ये अमेरिकेने बालकांतील दोन दुर्धर अपस्मारांवर शुद्ध सीबीडीचे औषध मंजूर केले, तेव्हा ही जुनी नोंद पुन्हा चर्चेत आली. कर्करोगाच्या रासायनिक उपचारांतील मळमळ व बहुविध काठिण्य या रोगातील स्नायूंचा ताठरपणा यांवरही कॅनाबिनॉइड औषधे काही देशांत वापरली जातात. या औषधांत द्रव्याची मात्रा मोजलेली असते. चिलमीत ती मोजलेली नसते. त्यामुळे एकाच्या पुराव्याने दुसऱ्याचे समर्थन होत नाही. गांजाने कर्करोग बरा होतो, या प्रचाराला मानवी रुग्णांवरील पुरावा नाही.

कायदा

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे. त्यात गांजाची व्याख्या फुले किंवा फळे धरलेले शेंडे अशी आहे. शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया त्यातून वगळल्या आहेत. पानांची भांग त्यामुळे केंद्रीय कायद्याबाहेर राहते. मात्र महाराष्ट्रात तिला १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे बंधन आहे व परवान्याशिवाय ती बाळगणे गुन्हा ठरते. उत्तर प्रदेशात सरकारमान्य दुकानातून घेतलेली भांग महाराष्ट्रात आणणारा प्रवासी या फरकामुळे अडचणीत येऊ शकतो.

गांजासाठी १ किलोपर्यंतचे प्रमाण 'अल्प', तर २० किलोंहून अधिक 'व्यापारी' मानले जाते. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम व १ किलो आहेत. अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत, मधल्या प्रमाणासाठी दहा वर्षांपर्यंत आणि व्यापारी प्रमाणासाठी दहा ते वीस वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे. परसात किंवा बागेत हौसेने लावलेले झाडही लागवडीच्या कलमाखाली येते व त्यासाठी दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. परदेशी पर्यटकांची ये-जा आणि गोव्याची जवळीक यांमुळे तेथे गांजाला मुभा आहे असा समज सिंधुदुर्गातील तरुणांत आढळतो; तो निराधार आहे. गोव्यातही हाच केंद्रीय कायदा लागू आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला १९६१ च्या कराराच्या सर्वांत कठोर अनुसूचीतून वगळले व भारताने त्या बाजूने मत दिले. परंतु त्यामुळे देशातील कायदा बदललेला नाही.

उपचार

केंद्र सरकारसाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतातील १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.८ टक्के, म्हणजे ३ कोटी १० लाख लोकांनी मागील वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना त्यासाठी मदतीची गरज होती. गांजा सोडवण्यासाठी मान्यताप्राप्त असे विशिष्ट औषध नाही. समुपदेशन, कुटुंबाचा सहभाग, झोप व चिंता यांवरील अल्पकालीन औषधे आणि सोबतच्या मनोविकारावर उपचार यांवर भर दिला जातो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रुग्णांना ओरोस येथील जिल्हा रुग्णालय जवळचे आहे. गंभीर मनोविकारासाठी रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे व्यसनाची गोष्ट डॉक्टरांपासूनही लपवतात. उपरोक्त अधिनियमाच्या ६४-अ कलमानुसार, अल्प प्रमाण बाळगल्याचा किंवा सेवनाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारी अथवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेण्यास तयार झाल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार पूर्ण न केल्यास ते काढून घेतले जाऊ शकते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकांवर विनामूल्य सल्ला मिळतो.